नाव कळायच्या आधी पोट उघडायचं का?

वाचकाचं पत्र :

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्यापासून बरंच आत. सोयाबीनची काढणी चालू होती. माझा धाकटा भाऊ, वय २४, रात्री जेवला आणि नऊच्या सुमाराला पोट धरून बसला. बेंबीभोवती दुखत होतं. मग तीन उलट्या झाल्या. आजीने ओवा दिला. बेंबी सरकली म्हणून काकूने तेल लावून पोट चोळलं. सकाळी गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन सलाईन लावलं. दुपारपर्यंत बरं वाटलं, मग पुन्हा सुरू झालं आणि पोट फुगत चाललं. तालुक्याला सोनोग्राफी केली. रिपोर्टात लिहिलं होतं की आतड्यांत गॅस खूप, अपेंडिक्स दिसत नाही, पोटात थोडं पाणी आहे. जिल्ह्याच्या गावी पोचलो तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. तिथल्या सर्जननी एक्स-रे काढला, रक्त तपासलं. सीटी स्कॅनचं मशीन त्या दिवशी बंद होतं. ते म्हणाले, "आतडं कुठंतरी अडकलंय. कशामुळे, ते पोट उघडल्यावरच समजेल. सही करा."

बाबा अडून बसले. "काय झालं तेच याले माईत नाई, अन् पोट फाडतो म्हन्ते." रात्रभर आम्ही नातेवाइकांना फोन केले. पहाटे पाचला भावाचा चेहरा पाहवेना, तेव्हा मीच सही केली. दीड फूट आतडं काढावं लागलं. मेकेल असं काहीतरी निघालं म्हणे. आता सहा आठवडे झाले. भाऊ जेवतो, हिंडतो, बरा आहे.

पण घरात शांतता नाही. बाबा म्हणतात, डॉक्टरला काही कळलंच नव्हतं, आतडं उगाच कापलं. काकू म्हणते, तुम्ही रात्रभर अडवलं म्हणून कापावं लागलं. खरं कोणाचं? भाऊ पुन्हा शेतात राबू शकेल का? त्याचं लग्न जुळत आलं होतं, मुलीकडच्यांना काय सांगायचं? आणि माझी सहा वर्षांची मुलगी अधूनमधून पोट दुखतं म्हणते. तिलाही हेच असेल का?

उत्तर :

भाऊ,

तुमच्या बाबांचं अर्धं म्हणणं खरं आहे. त्या सर्जनला दुखण्याचं नाव माहीत नव्हतं, आणि तसं त्यांनी तोंडावर सांगितलं. एखादं नाव ठोकून दिलं असतं, "अपेंडिक्स फुटलंय" म्हटलं असतं, तर बाबांनी सातलाच सही केली असती. खरं बोलल्यामुळे त्यांची रात्र वाया गेली, असं मी म्हणेन.

अचानक दुखायला लागलेल्या पोटापुढे सर्जन दोन निरनिराळे प्रश्न घेऊन उभा असतो. झालंय काय, हा एक. आणि हे पोट आज, आत्ता उघडावं लागणार का, हा दुसरा. घरच्यांना वाटतं की पहिल्याचं उत्तर आलं की मगच दुसऱ्याचं येणार. पण नेहमीच्या आजारात चालणारा हा क्रम दुर्मीळ आजारात उलटा होतो. आधी ठरतं ते "आता थांबून चालणार नाही", आणि नाव कळतं टेबलावर, कधीकधी तर आठ-दहा दिवसांनी बायोप्सीच्या रिपोर्टात.

अपेंडिक्स काढल्याची जगातली पहिली नोंद १७३५ सालची आहे, लंडनमधली. क्लॉडियस अम्यांड नावाच्या सर्जनने अकरा वर्षांच्या एका मुलाचा हर्निया उघडला. आत सापडलं अपेंडिक्स, आणि त्यात रुतलेली टाचणी. मुलगा जगला. चाकू लावण्यापूर्वी अम्यांडला यातलं काही ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. आज आपल्याकडे सोनोग्राफी आहे, सीटी आहे, तरी अशी गाठ अधूनमधून पडतेच.

आता त्या संध्याकाळी सात वाजता सर्जनपुढे काय काय होतं ते पाहा. तरणा, ठणठणीत मुलगा, आणि दुखणं सुरू होऊन जवळजवळ एक दिवस उलटलेला. आमच्यात जुना ठोकताळा आहे : चांगल्या धडधाकट माणसाचं पोट सहा तासांपेक्षा जास्त जोरात दुखत राहिलं, तर ते सर्जनचं काम असण्याची शक्यता मोठी. त्यात तुम्ही लिहिलंय की आधी दुखलं, मग उलट्या झाल्या. हा क्रम आम्ही हटकून विचारतो. खाण्यातून बाधलं असेल तर बहुधा उलट्या-जुलाब आधी आणि कळा मागून येतात. पोट फुगलेलं. एक्स-रेत फुगलेली आतडी आणि त्यांत पाण्याच्या पातळ्या दिसल्या असणार, म्हणजे आतडं कुठंतरी तुंबलंय. मग सर्जनने पोटावर जुन्या टाक्यांची खूण आहे का ते पाहिलं असेल. जांघेत हात घालून हर्निया आहे का ते चाचपलं असेल. दोन्ही नाही. आधीच्या ऑपरेशनने आतडी चिकटलीत म्हणावं तर ऑपरेशन झालेलंच नाही, हर्नियात अडकलं म्हणावं तर हर्निया नाही, तरी आतडं अडलंय. मग आत काहीतरी जन्मापासूनचं किंवा न दिसणारं असणार. आपल्याकडे आतड्याचा टीबीही डोक्यात ठेवावा लागतो. नाडी जोरात असेल, हात लावला की पोट कडक होत असेल, तर यातलं कोणतं हे शोधत बसण्यात अर्थ नसतो. उघडायचं.

याला "डॉक्टरला काही कळलं नव्हतं" म्हणायचं का, ते बाबांनी ठरवावं. माझ्या मते त्यांना जे कळायला हवं होतं ते सातलाच कळलं होतं.

आता मेकेलबद्दल. आईच्या पोटात बाळ अगदी चिमुकलं असतं तेव्हा त्याच्या आतड्यापासून बेंबीकडे जाणारी एक नळी असते. पहिल्या दोन महिन्यांत ती आपोआप मिटते, नाहीशी होते. शंभरातल्या साधारण दोन माणसांत ती पुरती मिटत नाही. लहान आतड्यावर दोनेक इंच लांबीची एक पिशवी राहते, लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं त्याच्या साधारण दोन फूट अलीकडे. योहान मेकेल या जर्मन शरीररचनातज्ज्ञाने १८०९ मध्ये ही पिशवी कुठून येते ते उलगडून सांगितलं, म्हणून तिला त्याचं नाव. बहुतेकांना ती आहे हे जन्मभर कळतही नाही. काहींच्यात त्या पिशवीच्या टोकापासून बेंबीपर्यंत एक चिवट दोरीही उरते. तुमच्या भावाच्या डिस्चार्ज कार्डावर "बँड" असा शब्द असेल तर तो त्याच दोरीचा.

चोवीस वर्षं ती दोरी गुमान होती. मग एका रात्री आतड्याचा एक वेढा तिच्याखालून पलीकडे गेला आणि परत येईना. दाव्यात पाय गुंतलेला बैल जितका ओढतो तितका फास आवळतो, तसंच होतं हे. आतडं पुढे ढकलायला जोर लावतं, त्या जोराने सुजतं, सुजल्यावर आणखी घट्ट अडकतं. आधी रक्त परत नेणाऱ्या नसा दबतात, आतडं रक्ताने तुंबून काळं-जांभळं पडतं. मग रक्त आणणाऱ्या नसाही बंद होतात. एकदा रक्त पूर्ण थांबलं की साधारण सहा तासांत आतडं मरायला लागतं.

"उगाच कापलं का?" याचं उत्तर ऑपरेशन थिएटरमध्ये काय होतं ते कळल्याशिवाय पटायचं नाही, म्हणून सांगते. पोट उघडलं की आधी लालसर पाणी बाहेर येतं. त्याला वास आहे का, हे पहिल्याच श्वासात कळतं. हात आत घालून जिथं फुगलेलं आतडं संपून रिकामं, चपटं आतडं सुरू होतं तिथपर्यंत यायचं. अडथळा तिथेच सापडतो. दोरी कापली की वेढा सुटतो. पण लगेच कात्री कोणी लावत नाही. काळवंडलेलं आतडं कोमट सलाईनमध्ये भिजवलेल्या मोठ्या कापडात गुंडाळून ठेवतात, भूलतज्ज्ञाला ऑक्सिजन पूर्ण द्यायला सांगतात, आणि सगळे घड्याळाकडे बघत उभे राहतात. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. कापड उघडायचं. गुलाबी रंग परत येतोय का? चिमटा टेकवला की आतडं वळवळतं का? त्याच्या पडद्यातल्या नसेला बोट लावलं की ठोका लागतो का? थोडा जरी भरवसा वाटला तरी पुन्हा गुंडाळून पुन्हा थांबतात. आतडं कापून परत जोडणं म्हणजे जोड सुटण्याची धास्ती पुढचे पाच-सात दिवस उशाशी घेऊन झोपणं. ते दुखणं हौसेने कोणी ओढवून घेत नाही. दीड फूट काढलं याचा अर्थ दीड फुटाने रंग परत दिला नाही.

याची लेखी साक्षही मिळते. काढलेला तुकडा बायोप्सीला जातो. त्याचा रिपोर्ट आठ-दहा दिवसांनी येतो, आणि आमच्या अनुभवात निम्मी घरं तो न्यायला येतच नाहीत, कारण पेशंट तोवर चालताफिरता झालेला असतो. तुम्ही आणला का? नसेल तर या आठवड्यात जाऊन आणा. तुकड्यातलं आतडं मेलेलं होतं की जिवंत, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. शिवाय मेकेलच्या पिशवीत क्वचित गाठही निघते, तीही कळते. सोबत ऑपरेशनची टिपणं मागून घ्या आणि एक गोष्ट नक्की विचारा : अपेंडिक्स काढलं की ठेवलं? दहा वर्षांनी भावाच्या उजव्या कुशीत दुखलं तर समोरचा डॉक्टर पोटावरची खूण पाहून "हे तर निघालेलं आहे" असं धरून चालेल, आणि ते जागेवरच असेल.

काकूंचं म्हणणं. ते बरंचसं बरोबर आहे. संध्याकाळी सातला पोट उघडलं असतं तर आतडं पूर्ण वाचलं असतं का? छातीठोक कोणी सांगू शकत नाही. तोवर बावीस तास झाले होते, काही भाग आधीच गेलेला असू शकतो. पण पहाटे पाचपर्यंत तो वाढला, हे मानायला हरकत नाही. मात्र त्या दहा तासांवर बोट ठेवताना आधीच्या बावीस तासांचाही हिशोब करावा. त्यात काकूंनी चोळलेलं पोटही येतं. दुखणारं, फुगत चाललेलं पोट चोळू नये. अशा पोटावर एरंडेल तर मुळीच देऊ नये आणि एनिमाही घरच्या घरी देऊ नये. पुढची वाट बंद असताना मागून जोर लावला की आतडं फुटतं. ओव्याने काही बिघडत नाही, त्याने फक्त वेळ जातो.

गावच्या डॉक्टरांच्या इंजेक्शनबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, तरी लिहिते. वेदना कमी केल्या की रोग झाकला जातो, मग निदान चुकतं, असं पूर्वी आम्हालाही शिकवायचे. आता तसं मानत नाहीत. दुखणं कमी करून नीट तपासता येतं. माझा आक्षेप इंजेक्शनला नाही, इंजेक्शन देऊन घरी पाठवण्याला आहे. औषधाचा असर उतरला की कोणी पुन्हा पोटावर हात ठेवून बघणार आहे का, हे ठरलेलं हवं.

आणि सोनोग्राफी. तिच्या रिपोर्टावर फार राग धरू नका. सोनोग्राफीच्या लहरी हवेतून पलीकडे जात नाहीत. गॅसने फुगलेल्या आतड्यामागचं तिला दिसत नाही, म्हणजे नेमक्या ज्या पोटात काही सापडायला हवं त्यातच ती आंधळी होते. "अपेंडिक्स दिसत नाही" याचा अर्थ अपेंडिक्स चांगलं आहे असा नसतो. त्याच रिपोर्टात "थोडं पाणी" होतं, ते मात्र कामाचं होतं. सीटीने बरंच कळलं असतं, वेढा अडकल्याची जागाही कदाचित दिसली असती. पण मशीन बंद असताना, पोट कडक झालेलं असताना, फक्त सीटीसाठी तीन तासांचा प्रवास करून नागपूर गाठणं हा शहाणपणा ठरला नसता. मशीन चालू असतं तरी बहुधा निर्णय तोच झाला असता, बाबांची समजूत तेवढी लवकर पटली असती.

रस्त्याचा विषय निघालाच आहे तर एक उपयोगी गोष्ट. २०१२ मध्ये इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी पोटदुखीच्या पेशंटना विचारलं, दवाखान्यात येताना गतिरोधकावर गाडी उडाली तेव्हा पोट जास्त दुखलं का? अपेंडिक्स निघालेल्या ३४ जणांपैकी ३३ जण हो म्हणाले होते. पोटाच्या आतल्या पडद्याला सूज आली की हिसका सोसत नाही. हो म्हणणाऱ्या सगळ्यांनाच अपेंडिक्स असतं असं नाही, पण न दुखणाऱ्याला ते असण्याची शक्यता खूप कमी. आपल्या रस्त्यांवर ही तपासणी फुकटात आणि वारंवार होते. पेशंटला आणताना बाजूला बसलेल्याने लक्ष ठेवावं आणि डॉक्टरला आपणहून सांगावं.

आता उलटी बाजू. बाबांच्या हट्टात एक रास्त भीती आहे : प्रत्येक दुखणारं पोट उघडायचं नसतं. खरंच नसतं. विदर्भात तर चाकू उचलण्याआधी काही गोष्टी मनातून काढून टाकाव्याच लागतात.

सगळ्यात आधी सिकलसेल. आपल्या भागात हा आजार इतक्या घरांत आहे की पोटदुखीच्या तरुण पेशंटला मी तो विचारल्याशिवाय पुढे जात नाही. त्याच्या तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होऊन बारीक नसांत अडकतात आणि पोटात असह्य कळा येतात. अशा पोटाला सलाईन, ऑक्सिजन, ऊब आणि वेदनाशामक लागतं. विनाकारण भूल दिली तर कळा वाढायच्या. गंमत अशी की याच पेशंटना पित्ताशयाचे खडेही लवकर होतात आणि अपेंडिक्स तर कोणालाही होतं, त्यामुळे "सिकलसेलचंच दुखतंय" म्हणून सोडूनही देता येत नाही. घरात कोणाकडे सिकलसेलचं कार्ड असेल तर ते पेशंटसोबत दवाखान्यात न्या. कपाटात ठेवून उपयोग नाही.

दुसरी मण्यार. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे तीन-चारला पोटदुखीने उठतो, उलटी होते. अंगावर दाताची खूण शोधून सापडत नाही, कारण मण्यारीचा दंश दुखतही नाही आणि सुजतही नाही. घरचे पोटाचंच औषध देतात. उजाडेपर्यंत त्याच्या पापण्या जड व्हायला लागतात, आणि "झोप झाली नाही" म्हणून त्याला झोपू देतात. तिथेच घात होतो. पहाटेच्या पोटदुखीत माणसाला अर्धा मिनिट आढ्याकडे बघायला सांगा. पापण्या आपोआप मिटत असतील, गिळताना त्रास होत असेल, तर १०८ ला फोन करा आणि सर्पदंशावरची लस असलेल्या दवाखान्यात न्या.

तिसरी फवारणी. २०१७ साली तुमच्याच जिल्ह्यात कपाशीच्या फवारणीने किती घरं उजाड झाली ते तुम्हाला मी सांगायला नको. काही कीटकनाशकांच्या विषबाधेत पोटात पिळवटून येतं. सोबत तोंडाला लाळ, घाम, जुलाब, आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. माणूस "पोटात दुखतंय" एवढंच सांगतो, सकाळी पंप पाठीवर होता हे सांगत नाही. याशिवाय वाढलेली साखर, हृदयाच्या खालच्या बाजूचा झटका, लहान मुलांत छातीचा न्यूमोनिया, हेही पोटाच्या रूपात येतात. म्हणून पोटासाठी गेलात आणि डॉक्टरने ईसीजी काढला, साखर तपासली, तर पैसे उकळतोय असं समजू नका. तरुण मुलीची लघवीची गरोदरपणाची तपासणी मागितली तर तिच्या लग्नाचा विषय काढून भांडू नका. नळीत राहिलेला गर्भ फुटला तर काही तासांत जीव जातो, आणि ती मुलगी आईसमोर पाळीबद्दल खरं बोलतेच असं नाही.

दुर्मीळ कारणांतलं आणखी एक सांगते, कारण ते घराघरात चुकतं. हाडकुळी म्हातारी, चार-पाच बाळंतपणं झालेली. दोन दिवस ओकतेय, पोट फुगलंय, आणि मांडीच्या आतून गुडघ्यापर्यंत कळ येते म्हणते. घरचे गुडघ्याला तेल चोळतात. कमरेच्या हाडात एक भोक असतं, त्यातून मांडीची नस जाते. अंगावरची चरबी झडली की त्या भोकात आतडं शिरतं आणि नस दाबतं. बाहेर गाठ दिसत नाही, त्यामुळे हर्निया असेल अशी शंका कोणाला येत नाही. अशी ओकणारी आजी असेल तर मांडीच्या कळेचा उल्लेख डॉक्टरपाशी जरूर करा. त्या एका वाक्याने सीटी योग्य जागी बघितलं जातं.

मग सहीच्या वेळी घरच्यांनी विचारायचं काय? "नक्की काय झालंय?" हा प्रश्न विचारा, पण त्याच्या उत्तरावर सही अडवू नका. त्याऐवजी विचारा : आत्ता नाही केलं आणि सकाळपर्यंत थांबलो तर काय होऊ शकतं? थांबायचं म्हटलं तर तुम्ही काय पाहणार, दर किती तासांनी पाहणार, आणि काय दिसलं की थांबणं संपलं? जो सर्जन म्हणेल की दर दोन तासांनी मी पोट बघतो, नाडी शंभरच्या वर गेली किंवा पोट कडक झालं तर घेतो, त्याच्यासोबत थांबायला हरकत नाही. ते थांबणं उपचारातच मोडतं. नुसतं फोनाफोनीसाठी थांबणं वेगळं. आणि हेही विचारा की इथे रक्त, भूलतज्ज्ञ, आयसीयू आहे का? नसेल तर सेवाग्राम, नागपूर, जिथे जायचं ते तासाभरात ठरवा, सलाईन आणि नाकातली नळी चालू ठेवून १०८ ने जा. उघडलं आणि आत काहीच सापडलं नाही असंही होतं. ते टाके फुकट गेल्यासारखे वाटतात, पण मेलेल्या आतड्यापुढे ते फार स्वस्त. हल्ली बऱ्याच ठिकाणी आधी दुर्बिणीने डोकावून बघतात, त्यात हे ओझंही हलकं होतं. फार फुगलेल्या पोटात मात्र दुर्बिणीला जागा मिळत नाही.

एक शंका मनात येते. रात्रभराच्या फोनाफोनीत पैशांचा विषय नव्हता ना? असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे रेशनकार्ड आणि आधार घेऊन दाखल होतानाच जायचं. बिल हातात पडल्यावर गेलं तर उपयोग होत नाही.

आमच्या लोकांबद्दलही एक बोलते. "पोट उघडल्यावरच समजेल" हे वाक्य सर्जनला इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ऐकणाऱ्याच्या पोटात त्याने खड्डा पडतो हे आम्ही विसरतो. "आतडं अडकलंय एवढं नक्की, ते सोडवलं नाही तर सडेल, कशात अडकलंय ते सोडवताना दिसेल" असं म्हटलं असतं तर अर्थ तोच राहिला असता आणि बाबा कदाचित बधले असते. बाबांनी अडवलं ते मुलाच्या काळजीने. घरात तो विषय आता वाढवू नका.

भावाच्या कामाबद्दल. लहान आतडं साधारण वीस फूट असतं, दीड फुटाने जेवणाखाण्यात फरक पडत नाही. बी-१२ शोषणारा भाग अगदी शेवटाला असतो. तो किती शिल्लक आहे ते सर्जनला विचारून घ्या आणि वर्षभराने एकदा बी-१२ तपासा. सहा आठवडे झालेत, म्हणजे चालणं, पाणी देणं, मोटार चालू-बंद करणं, वेचणीवर देखरेख, सगळं चालेल. सोयाबीनचं पोतं उचलणं, भरलेला पंप पाठीवर घेणं, बैलांशी झटापट हे तीन महिने पूर्ण होईपर्यंत नको. टाका वरून भरलेला दिसतो, आतला थर सावकाश भरतो, आणि घाईने जोर लावला की तिथे हर्निया उतरतो. खोकला असेल तर औषध घ्या, तंबाखू-खर्रा सुटला तर उत्तमच. आणि जन्मभर एक लक्षात ठेवायचं : उघडलेल्या पोटात आतडी कधीकधी चिकटतात. पोट फुगून कळा, उलट्या आणि वायू सरणं बंद, असं एकत्र झालं तर फाईल काखेत मारून सरळ सर्जन असेल तिथे जायचं. वाटेत इंजेक्शनसाठी थांबायचं नाही.

लग्नाचं सांगायचंच. पोटावरची वीतभर खूण लपणार तरी कशी? मुलीकडच्यांना डिस्चार्ज कार्ड दाखवा, पाहिजे तर त्यांच्या डॉक्टरला दाखवू द्या. जन्मजात पण वंशात न चालणारी गोष्ट होती, काढून टाकली. मूलबाळ होण्याशी, कष्टाशी, आयुष्याशी तिचा संबंध नाही.

तुमच्या मुलीबद्दल. हे वंशात चालत नाही, त्याच कारणाने तिची तपासणी करून मेकेल शोधत बसू नका. असली तरी बहुतेकांना ती कधी त्रास देत नाही. सहा वर्षांच्या मुलांचं बेंबीभोवतीचं, थोडा वेळ दुखून थांबणारं आणि थांबल्यावर पोर पुन्हा खेळायला पळतं असं दुखणं बहुधा साधं असतं. अंगणवाडीत-शाळेत जंताची गोळी मिळते ती चुकवू नका, शौचाला रोज होते का ते बघा. मात्र दुखण्याने ती रात्री झोपेतून उठत असेल, वजन वाढत नसेल, तर बालरोगतज्ज्ञाला दाखवा. लहान मुलांत मेकेल अडकण्यापेक्षा जास्त करून रक्तातून बोलतं : पोट फारसं न दुखता शौचातून एकदम भरपूर, गडद लाल रक्त जातं. तसं दिसलं, किंवा हिरवी उलटी झाली, तर त्याच दिवशी, त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात न्या.